एका मात्रेचे अंतर



आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. या व्यासपीठावरून माझ्या आधी अनेक विद्वानांनी शिक्षणाचे प्रश्न मांडले आहेत. मी शिक्षणशास्त्रज्ञ नाही. मी भाषेचा विद्यार्थी. तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि सवडीने, एका वृद्ध पाद्रीबाबांच्या पायाशी बसून, थोडेफार लॅटिन वाचले. तेव्हा ज्याला जे येते ते त्याने करावे, या न्यायाने आज मी केवळ एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द आहे 'एज्युकेशन'. बँकेच्या कर्जापासून मंत्र्याच्या खात्यापर्यंत सर्वत्र वापरला जाणारा, इंग्रजी न येणाऱ्यालाही कळणारा हा शब्द. इतक्या ओळखीच्या शब्दाविषयी तासभर काय बोलायचे, असे आपल्याला वाटेल. परंतु ओळखीच्या माणसाचे मूळ गाव आपण बहुधा विचारलेले नसते. शब्दांचेही तसेच असते.

पारितोषिक-वितरणाच्या समारंभात, शिक्षकांच्या शिबिरात, ५ सप्टेंबरच्या पुरवण्यांत एक विधान आपण सर्वांनी ऐकले-वाचले आहे. ते असे, की 'एज्युकेशन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'बाहेर काढणे'. मुलाच्या ठिकाणी सर्व काही मुळातच असते. शिक्षकाने ते फक्त बाहेर काढायचे असते. विधान कानाला गोड लागते, शिक्षकाला नम्र करते आणि मुलाला मोठेपणा देते. त्यामुळे त्यावर टाळ्याही पडतात. माझे म्हणणे एवढेच, की शब्द असे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते अधिक साधे आहे आणि मला वाटते, अधिक अवघडही आहे.

लॅटिनमध्ये एकमेकांशेजारी उभी असलेली दोन क्रियापदे आहेत. रोमन लिपीत लिहिली तर दोहोंत सात सात अक्षरे; त्यांपैकी सहा तंतोतंत सारखी, पाचवे तेवढे वेगळे. नेहमीच्या रोमन लेखनात स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व दाखवत नाहीत, म्हणून घोटाळा होतो. आपली देवनागरी या बाबतीत फार प्रामाणिक आहे. देवनागरीत लिहिले की पहिले क्रियापद होते 'एदुकारे', त्यातला 'दु' ऱ्हस्व. दुसरे होते 'एदूकेरे', त्यातला 'दू' दीर्घ. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे सारथी. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका मात्रेने माणूस कुठून कुठे जातो, हे शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईच्या रेघा पाहिलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. वेदांगांतील 'शिक्षा' हे शास्त्र तर वर्ण, स्वर आणि मात्रा यांच्याच अभ्यासाचे. मात्रा चुकली की अर्थ चुकतो, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी जाणले होते.

आता या दोघांचे अर्थ पाहू. दीर्घ 'दू' असलेले 'एदूकेरे' म्हणजे बाहेर नेणे, बाहेर काढणे. म्यानातून तलवार काढणे, छावणीतून सैन्य बाहेर नेणे, ही त्याची कामे. ऱ्हस्व 'दु' असलेले 'एदुकारे' म्हणजे पोसणे, वाढवणे, संगोपन करणे. आणि 'एज्युकेशन' आला आहे तो या दुसऱ्यापासून, पोसण्यापासून. याचा पुरावा व्याकरणाचा आहे आणि तो शाळेतील मुलालाही समजेल असा आहे. 'नेणे' या अर्थाच्या 'दूकेरे'पासून इंग्रजीत आलेली नामे आठवा: प्रॉडक्शन, इंट्रोडक्शन, रिडक्शन, डिडक्शन. सगळ्यांच्या शेवटी 'डक्शन' आहे. बसमधील कंडक्टर आणि अलीकडे स्वयंपाकघरात शिरलेली इंडक्शनची शेगडी हीसुद्धा याच घराण्यातली. त्या न्यायाने 'बाहेर काढणे' या अर्थाचे नाम 'इडक्शन' असे व्हायला हवे. तसा शब्द इंग्रजीत आहेही. तो फारसा कोणी वापरत नाही, एवढेच. 'एज्युकेशन'च्या शेवटी 'केशन' आहे, कारण तो 'एदुकातिओ' या नामावरून आला आणि ते नाम 'एदुकारे'चे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की दोन्ही क्रियापदांचे आजोबा एकच. 'नेणे' हाच धातू दोहोंच्या पोटात आहे, आणि काही लॅटिन कवींनी 'एदूकेरे' हे क्रियापदही मूल वाढवण्याच्या अर्थाने वापरले आहे. भावाभावांची घरे शेजारी असली की एकमेकांच्या अंगणात जाणे-येणे होतेच. पण रेशनकार्डे वेगळी आहेत. 'एदुकारे' हे क्रियापद लॅटिन माणसाच्या तोंडी येई ते मुख्यतः दाई, आई, अंगावर पाजणारी, घरात वाढणारे मूल यांच्या संदर्भात. केवळ माणसाच्या मुलालाच ते लागू होते असेही नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील कवी कातुल्लुस याच्या एका विवाहगीतात या क्रियापदाचा कर्ता पाऊस आहे आणि कर्म आहे कुंपणाच्या आत उमललेले एक फूल. पाऊस फुलातून काही बाहेर काढत नाही. तो त्याला वाढवतो.

त्याच शतकातील वार्रो नावाच्या विद्वानाने या कामांची एक नेटकी विभागणी करून ठेवली आहे. त्याचे ते वाक्य नंतरच्या एका कोशकाराने टिपून घेतले म्हणून आपल्यापर्यंत पोचले. वार्रोच्या मते चौघांची चार कामे. सुईण मुलाला बाहेर काढते. तेथे त्याने 'एदूकेरे' योजले आहे. दाई त्याला पोसते. तेथे 'एदुकारे' आहे. मुलाबरोबर शाळेपर्यंत जाणारा सेवक त्याला वळण लावतो. आणि गुरुजी शिकवतात. पाहा, 'बाहेर काढणे' हे काम सुईणीचे आहे आणि ते मूल जन्मताच आटोपलेले आहे.

युरोपला जेव्हा या साऱ्या व्यवहाराला एक नाव हवे होते, तेव्हा निवडीला वाव होता. 'शिकवणे' या अर्थाचे 'दोकेरे' होते. त्यापासून 'डॉक्टर' आणि 'डॉक्ट्रिन' आले. 'घडवणे' या अर्थाचे 'इन्स्तितुएरे' होते. त्यापासून 'इन्स्टिट्यूशन' आला, आणि वक्त्याच्या जडणघडणीवर क्विंतिलियानुसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या थोर ग्रंथाच्या नावात तोच शब्द आहे. 'ओबडधोबडपणा घालवणे' या अर्थाचे 'एरुदिरे' होते. त्याचा 'एरुडाइट' झाला. एवढे भारदस्त उमेदवार असताना शेवटी जगभर पसरला तो दाईचा शब्द. गुरुजींचा शब्द मागे राहिला आणि जिच्या पदराला दुधाचा वास आहे तिचा शब्द खात्याच्या पाटीवर चढला. मला या घटनेत मोठा अर्थ दिसतो.

हा जुना अर्थ पुस्तकात गाडला गेलेला नाही. फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांची जोपासना करण्यालाही 'एदुकासिआँ' म्हणत असत. तुतीची पाने घालून किडे वाढवायचे, ते त्यांचे 'एज्युकेशन'. दुसरे उदाहरण आपल्या गोमंतकातल्या जुन्या पिढीला नवीन नाही. १९६१ सालच्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ज्यांनी पोर्तुगीज शाळेची पायरी चढली, त्यांना 'एदुकादु' हा शब्द आठवत असेल. पोर्तुगीज माणूस एखाद्याला चांगला 'एदुकादु' म्हणतो, तेव्हा तो त्याच्या पदव्या मोजत नसतो. त्याला म्हणायचे असते, की हा चांगल्या वळणाचा आहे, घरी नीट वाढलेला आहे. दोन-दोन पदव्या मिळवलेला मनुष्य वडीलधाऱ्यांशी उर्मटपणे बोलला, तर त्या भाषेत तो सरळ वाईट 'एदुकादु' ठरतो. लॅटिनच्या या लेकीने आईचा अर्थ इंग्रजीपेक्षा जास्त जपला आहे.

आता कोणी विचारील, एका शब्दाचे मूळ असे असले काय नि तसे असले काय, आजच्या वर्गात त्याने काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे कायदा नव्हे. 'बाहेर काढणे' या कल्पनेमागे थोर परंपरा आहे. सॉक्रेटिस स्वतःला विचारांची सुईण म्हणवी, असे प्लेटोच्या संवादात आले आहे. मनुष्याच्या ठायी असलेल्या पूर्णत्वाचे प्रकटीकरण म्हणजे शिक्षण, हा स्वामी विवेकानंदांचा विचार आपल्याला प्रिय आहे. तो वेदान्ताच्या पायावर भक्कम उभा आहे. त्याला चुकीच्या लॅटिन व्युत्पत्तीचा टेकू द्यायची मुळीच आवश्यकता नाही. माझी तक्रार त्या थोर विचाराविषयी नाही. व्युत्पत्तीच्या आडून जी पळवाट काढली जाते, तिच्याविषयी आहे.

ती पळवाट अशी. 'सर्व काही मुलाच्या आतच असते' असे एकदा ठरले, की ज्याच्यातून काही बाहेर आले नाही, त्याच्या आत काही नव्हतेच असे म्हणायला आपण मोकळे होतो. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, वडील वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, आजी रात्री गोष्ट सांगते, त्या घरातले मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ काढण्यासारखे पुष्कळ असते. शिक्षकाने हात लावला की झरा वाहू लागतो आणि शाळेच्या निकालाच्या फलकावर नाव झळकते. पण ज्याची आई पहाटे मच्छीच्या बाजारात जाते, ज्याचा बाप बांधकामाच्या जागेबरोबर गाव बदलतो, ज्याच्या घरी बोलली जाणारी भाषा शाळेच्या पुस्तकात नाही, त्या मुलातून पहिल्या दिवशी काय बाहेर काढणार? त्याच्या ठिकाणी बुद्धी नाही असे नव्हे. तिला अजून कोणी शब्द वाढलेले नाहीत. विहिरीतून पाणी शेंदायचे तर आधी जमिनीत पाऊस मुरावा लागतो. पावसाचे काम कोणी करायचे, हा 'एदुकारे'ने विचारलेला प्रश्न आहे, आणि म्हणूनच मी त्याला अधिक अवघड म्हटले.

याउलट कोणी म्हणेल, पोसणे म्हणजे कोंबणे. मुलाला माहितीचे घास भरवत राहणे. ही भीतीही खोटी नाही. शिकवणी वर्गांत असे कोंबणे भरपूर चालते. पण दाई कोंबत नाही. मुलाची भूक कधीची, पचते किती, आज अंगात ताप आहे का, हे पाहून ती भरवते. भरवल्यावर ते मूल आपल्या बळाने वाढते. दाई त्याचे हातपाय ओढून लांब करीत नाही. आणि हे सांगायला मला लॅटिनची गरज नाही, आपल्या मराठीने ते एका शब्दात सांगून ठेवले आहे. पानात अन्न घालणे म्हणजे 'वाढणे' आणि मूल मोठे होणे म्हणजेही 'वाढणे'. पानावर आई वाढते, पानासमोर मूल वाढते. वाढणारे दोघेही, क्रियापद एक. भाषेने जणू कार्य आणि कारण एकाच ताटात ठेवले आहे.

आता याच घराण्यातल्या दुसऱ्या एका शब्दाकडे वळतो. आज या सभागृहात निम्मी खुर्च्या ज्यांनी भरल्या आहेत, ते माजी विद्यार्थी स्वतःला इंग्रजीत 'अलम्नाय' म्हणवतात. एकवचन 'अलम्नस', लॅटिनमध्ये 'आलुम्नुस'. 'आलेरे' म्हणजे अन्न देणे, पोसणे; त्यापासून हा शब्द. त्याच्या शेवटी जो 'म्नुस' आहे, तो आपल्या परिचयाचा आहे. 'वर्धमान', 'विद्यमान' या संस्कृत शब्दांतील 'मान' आणि हा 'म्नुस' एकाच मूळ प्रत्ययाची दोन रूपे. तेव्हा 'आलुम्नुस'चा संस्कृतात अनुवाद करायचा तर 'पोष्यमाण' असा करावा लागेल. ज्याचे पोषण केले जात आहे तो. पोर्तुगीज शाळेत हजेरीवरच्या प्रत्येक मुलाला 'आलुनु' म्हणत, तो हाच शब्द.

'आलेरे'चा गोतावळा मोठा आहे. विद्यापीठाला 'आल्मा मातेर' म्हणतात, म्हणजे पोसणारी माता. रोमन लोक हे विशेषण आधी धान्याच्या देवतेला लावीत. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाने ते आजही आपल्या अधिकृत नावात ठेवले आहे. 'अडोलेसंट' म्हणजे पोसला जाऊन वाढत असलेला, 'अडल्ट' म्हणजे वाढून झालेला. घटस्फोटानंतर द्यावयाच्या रकमेला इंग्रजीत 'अलिमनी' म्हणतात, तीही याच मुळाची. आणि मराठीत तिला 'पोटगी' म्हणतात. दोन दूरच्या भाषांना त्या रकमेकडे पाहून अन्नच आठवावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'कोअलिशन' हाही त्यांचाच भाऊबंद, अर्थ 'एकत्र वाढणे'. आपल्या राज्यातल्या कोअलिशनांत एकत्र वाढण्यापेक्षा एकत्र वाढून घेणे जास्त होते, तो भाग वेगळा.

परंतु 'आलुम्नुस' या शब्दाची एक काळी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. रोममध्ये हा शब्द शाळेतील विद्यार्थ्यापुरता नव्हता. तो पोसलेल्या मुलाचा शब्द होता. नको असलेले मूल रस्त्याकडेला टाकून देण्याची चाल त्या समाजात होती. असे टाकलेले मूल कोणी उचलून वाढवले, तर ते त्याचे 'आलुम्नुस'. रोमन थडग्यांवर अशा मुलांची नावे आढळतात. काहींवर वाढवणाऱ्यांचे खरे प्रेम होते, तर काहींना गुलाम म्हणूनच वाढवले जाई.

ही प्रथा आपल्यापासून फार दूरची आहे, असे कृपा करून समजू नका. गोव्यात 'पोसको', 'पोसकी', 'पोसकें' हे शब्द कोणाला ठाऊक नाहीत? मोठ्या घरात लहानपणी आणलेले, घरच्या मुलांबरोबर वाढलेले, पण पंगतीत मागे बसणारे आणि घरातली कामे उपसणारे माणूस. अशांच्या आयुष्यावर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१७ साली 'पोसकें' याच नावाची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. पोर्तुगीजांतही 'क्रियादु' म्हणजे नोकर, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ 'वाढवलेला'. पोसणारा हात पोसलेल्यावर हक्क सांगू लागला, की दाईच्या शब्दाचा मालकाचा शब्द होतो.

या हक्काचा निवाडा एका रोमन सम्राटापुढे झाला होता. इसवी सन ११० च्या सुमारास धाकटा प्लिनी हा आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडील प्रांताचा राज्यपाल होता. टाकलेली आणि गुलाम म्हणून वाढवली गेलेली माणसे, जी जन्माने स्वतंत्र होती, त्यांचे काय करावे, त्यांच्या पालनपोषणाच्या खर्चाचे काय, असे त्याने सम्राट त्राजानला पत्राने विचारले. त्राजानचे उत्तर थोडक्यात असे होते, की त्यांना स्वातंत्र्याचा दावा नाकारू नये आणि ते स्वातंत्र्य पोषणाच्या खर्चाची भरपाई करून विकत घ्यायलाही लावू नये. खाल्लेल्या अन्नाची किंमत माणसाच्या मोकळेपणातून वसूल करता येत नाही, हा त्या निवाड्याचा गाभा. याच सम्राटाच्या काळात इटलीतल्या गरीब मुलांच्या पोषणासाठी एक योजना चालू होती. जमीनदारांना कर्ज द्यायचे आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पाच टक्के व्याजातून मुलांना दरमहा रक्कम द्यायची. वेलेया या गावी १७४७ साली सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर तिचा तपशील कोरलेला आहे: औरस मुलगे २४५, मुली ३४. मुलग्याला दरमहा १६ सेस्टर्स, मुलीला १२. पोसण्यातही पंक्तिप्रपंच होता आणि तो राज्यकर्त्यांनीच धातूवर कोरून ठेवला.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत उत्कट विचार महाभारतात आला आहे. नदीत सोडून दिलेले मूल अधिरथ नावाच्या सूताला सापडले आणि त्याच्या पत्नीने, राधेने, ते वाढवले. उद्योगपर्वात त्याला त्याचे खरे कूळ सांगितले जाते, राज्य देऊ केले जाते, जन्मदात्री स्वतः येऊन विनवते. तरी कर्ण राधेचाच राहतो. 'राधेय' हे नाव तो टाकत नाही. वार्रोच्या भाषेत बोलायचे तर त्याने 'एदूकेरे' आणि 'एदुकारे' यांतून निवड केली. आणि लक्षात घ्या, राधेने त्याच्याकडे पोसण्याचे मोल मागितल्याचे कोठेही नाही. मागितले नाही, म्हणूनच त्याने ते जन्मभर दिले.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या आपल्या सरांची आठवण मला या ठिकाणी सांगितली पाहिजे. १९६०च्या दशकातली गोष्ट. पलीकडच्या काठावरून होडीने येणारी आम्ही काही मुले सकाळी घरून निघायचो ती बहुधा काही न खाता. सरांच्या ते ध्यानात आले. त्यांनी चौकशी केली नाही, नावे लिहून घेतली नाहीत. दहाच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या पडवीत उकड्या तांदळाची पेज शिजू लागली. तोंडी लावायला मिठातली कैरी. पेज सर्वांना मिळे; डॉक्टरांच्या मुलालाही आणि आम्हालाही. सर स्वतः आमच्याबरोबर जमिनीवर बसत. त्यामुळे कोण उपाशी आले होते आणि कोण नुसते गंमत म्हणून जेवत होते, हे कोणाला कळायचा मार्गच उरला नाही. पुढे अनेक वर्षांनी आमच्यातला एकजण आखाती देशातून पैसे मिळवून परतला आणि त्या पेजेचे ऋण फेडायला म्हणून पाकीट घेऊन सरांकडे गेला. सर म्हणाले, "पेजेचा हिशेब मी ठेवला नव्हता, तेव्हा तुझी पावती कशी फाडू? आता पडवीत बसणाऱ्या मुलांना विचार, त्यांना काय हवे ते." सरांनी त्राजानचा निवाडा वाचला असण्याचा संभव मला दिसत नाही. पण निवाडा तोच होता.

सरांनी पडवीत जे केले ते पुढे देशाने मान्य केले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०२१ साली या योजनेच्या नव्या नावात 'पोषण' हाच शब्द आला. ज्यांना हे शाळेचे काम वाटत नाही, 'शाळेने शिकवावे, खानावळ चालवू नये' असे जे म्हणतात, त्यांना मी अदबीने सांगेन, की 'एज्युकेशन' या शब्दाने निदान दोन हजार वर्षे हेच आपले काम मानले आहे.

अर्थात केवळ अन्नाने पोषण पुरे होत नाही. भाषा हेही अन्नच आहे. क्विंतिलियानुसने आपल्या ग्रंथाच्या आरंभी दाईच्या बोलण्याचा विचार केला आहे. मूल पहिले शब्द तिच्याकडून घेते, म्हणून तिचे बोलणे चांगले असावे, असे तो सांगतो. त्याच ग्रंथात त्याने मुलांना मारण्याचा निषेध केला आहे. येथे मला आपल्या मराठीची एक खंत बोलून दाखवावीशी वाटते. संस्कृतात 'शिक्ष्' हा धातू 'शक्' या धातूच्या इच्छार्थक रूपातून आला. समर्थ होण्याची इच्छा, हा त्याचा अर्थ. किती सुंदर! हिंदीने 'शिक्षा' हा शब्द विद्येसाठी ठेवला. मराठीत मात्र 'शिक्षण' वर्गात राहिले आणि 'शिक्षा' म्हणजे छडी झाली. समर्थ होण्याच्या इच्छेचे अंगठे धरून उभे राहण्यात रूपांतर कसे झाले, याचा शोध भाषेपेक्षा आपल्या वर्गांच्या इतिहासात घ्यावा लागेल.

माजी विद्यार्थी मित्रहो, आता शेवटचे. आज या शाळेच्या पटावर जी मुले आहेत, त्यांतील अनेकांच्या घरी मराठी बोलत नाहीत, कोकणीही बोलत नाहीत. त्यांचे आईबाप दूरच्या जिल्ह्यांतून, दूरच्या राज्यांतून येथे कष्टाला आले आहेत. आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे दुसऱ्या शाळांत जातात. 'आमच्या वेळची शाळा आता राहिली नाही' असे मी आपल्यातील काहींच्या तोंडून ऐकतो. मला त्यांना विचारायचे आहे: आपल्या वेळी तरी पलीकडच्या काठावरून येणाऱ्या मुलांत काय दिसत होते? पडवीत बसलेल्या आमच्यातून त्या दिवशी बाहेर काढण्यासारखे काहीही नव्हते. आधी वाढले गेले. मग आम्ही वाढलो. ही मुले आपली पोसकी नव्हेत, की ज्यांना उपकाराच्या जाणिवेने मागच्या पंगतीत बसवावे. 'आलुम्नुस' या शब्दाचा जो उजळ अर्थ आहे, त्या अर्थाने ती आणि आपण एकाच ताटातले आहोत. आपण माजी, ती आजी, एवढाच फरक.

तेव्हा माजी विद्यार्थी संघाने वर्षातून एकदा स्नेहभोजन करावे, ते अवश्य करावे. पण त्याबरोबर शाळेचे वाचनालय संध्याकाळी उघडे राहील, या मुलांशी तासभर मराठीत गप्पा मारायला रोज कोणीतरी येईल, त्यांना गोष्टी सांगणारी एखादी आजी पडवीत बसेल, अशी व्यवस्था केली, तर मी म्हणेन, की आपल्याला आपल्या नावाचा अर्थ कळला. यासाठी लॅटिन येण्याची आवश्यकता नाही. ऱ्हस्व 'दु' आणि दीर्घ 'दू' यांतील एका मात्रेचे अंतर उच्चारात क्षणभराचे आहे. मुलाच्या आयुष्यात मात्र ते मागच्या आणि पुढच्या पंगतीएवढे होऊ शकते.